सोहारच्या डोंगरातला समुद्रतळ

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी भिंतीतल्या कपाटात एक दगड ठेवलेला आहे. मुठीत मावेल एवढाच, पण उचलला तर आकाराच्या मानाने फार जड. मरहूम अब्बांनी तो १९८६ च्या रजेत ओमानहून आणला होता. तेव्हा तो पितळेसारखा चकाकत असे. आम्हा भावंडांना वाटले, सोनेच! शेजारच्या चाचींनी तर मोहल्लाभर सांगूनही टाकले. शेवटी अब्बा हसत हसत तो सोनाराकडे घेऊन गेले. सोनाराने कसोटीवर घासून पाहिला आणि परत दिला. म्हणाला, "सोने नाही, पण ठेवा घरात. दिसायला बरा आहे."

अब्बा १९८४ ते १९९३ अशी नऊ वर्षे ओमानमध्ये सोहार शहरामागच्या डोंगरात, तांब्याच्या खाणीवर डंपर चालवत होते. दोन वर्षांनी एकदा पंचेचाळीस दिवसांची रजा. मधल्या काळात पत्रे, आणि गावचे कोणी सुट्टीवर येणार असेल तर त्याच्या हाती आवाज भरलेली कॅसेट. अम्मी आमच्या कॅसेटमध्ये दर वेळी विचारायची, "तिकडे कसे आहे?" आणि अब्बांचे उत्तर दर वेळी तेच असायचे, "इथे काही नाही. नुसते दगड."

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. भाईजान सध्या सोहारलाच नोकरीला आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावून घेतले. अम्मीचे गुडघे प्रवासाला साथ देत नाहीत. निघताना ती एवढेच म्हणाली, "तुझे अब्बा जिथे राहिले ती जागा बघून ये. आणि मला नीट सांग."

मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. दगडांशी माझा संबंध दहावीच्या भूगोलापुरताच होता. परत आल्यावर अम्मीला जे सांगितले तेच इथे लिहीत आहे. आपल्या कितीतरी घरांतली माणसे त्या डोंगरांच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे राबली आहेत आणि आजही राबत आहेत. त्यांनाही हे आवडेल असे वाटते.

मासिकाच्या मुखपृष्ठावरचा कडा

मस्कतहून सोहारला जाताना एका बाजूला समुद्र आणि खजुरीच्या बागा, दुसऱ्या बाजूला दूरवर डोंगरांची करडी रांग दिसत राहते. हा हजर पर्वत. आपल्या सह्याद्रीसारखी हिरवाई शोधणाऱ्या डोळ्यांना तो उघडाबोडका वाटतो. अब्बांना काय वाटले असेल ते मला पहिल्याच दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी भाईजानच्या ओळखीचे एक ओमानी गृहस्थ आमच्याबरोबर आले. ते बलुची वंशाचे, भूशास्त्र शिकलेले, आणि उर्दू उत्तम बोलणारे. त्यामुळे माझी मोठीच सोय झाली. सोहारहून बुरैमीकडे जाणारा रस्ता वादी जिझ्झी नावाच्या दरीतून जातो. वादी म्हणजे एरवी कोरडा असणारा नदीचा पट्टा. तिथे एका कड्यासमोर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

तो कडा पाहून मला पहिल्यांदा आठवले ते आमच्या आजोबांचे भाताचे कोठार. गोण्यांवर गोण्या रचाव्यात तसे गोलसर काळपट-तपकिरी दगड एकमेकांवर रचलेले होते. कोणी उशीएवढा, कोणी भरल्या पोत्याएवढा. वरची पोती खालच्या पोत्यांच्या मधल्या खाचेत बसलेली. माणसानेच रचले असावेत असे वाटावे.

आमचे सोबती म्हणाले, "टीचर साहिबा, आप इस वक़्त समुंदर के फ़र्श पर खड़ी हैं।"

या दगडांना इंग्रजीत 'पिलो लाव्हा' म्हणतात, म्हणजे उशीच्या आकाराचा लाव्हा. तो फक्त पाण्याखालीच तयार होतो. समुद्राच्या तळाला भेग पडून सुमारे १,२०० अंश तापलेला रस बाहेर येतो आणि थंडगार पाण्याला भिडतो. त्याच क्षणी त्याच्यावर कडक साल धरते. आत मात्र रस पातळच असतो आणि मागून नवा रस ढकलत असतो. मग ती साल फुटते, नवा फुगा बाहेर येतो, त्यालाही साल धरते. भज्याचे पीठ तेलात सोडल्यावर जसे गोळे फुगतात तसेच, फक्त इथे गोळा गरम आणि भोवतालचे पाणी गार. एकावर एक असे हजारो फुगे पडून ही रास होते. प्रत्येक फुग्याचा माथा गोल असतो, आणि खालची बाजू मऊ असतानाच खालच्या दोन फुग्यांमधल्या फटीत उतरून टोकदार होते. त्यामुळे पुढे डोंगर कितीही कलंडला तरी मूळची वरची बाजू कोणती होती हे ओळखता येते. माझ्या भाच्याने मोबाइलवर फोटो काढून प्रत्येक उशीचे 'डोके' आणि 'शेपूट' दाखवण्याचा खेळच सुरू केला.

हा कडा जगातल्या भूशास्त्रज्ञांना चांगलाच परिचित आहे. १९७५ मध्ये 'जिओटाइम्स' नावाच्या अमेरिकी मासिकाने त्याचा फोटो मुखपृष्ठावर छापला. पुढे या डोंगरातल्या लाव्हाच्या सर्वांत खालच्या थराला 'जिओटाइम्स' हेच नाव पडले. अब्बा इथे यायच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट.

हा समुद्र डोंगरावर आला कसा?

सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी अरबस्तानच्या पलीकडे टेथिस नावाचा महासागर होता. आजचा भारत तेव्हा खूप दक्षिणेला होता. या महासागराच्या तळाशी भेगा पडून नवा तळ तयार होत होता, तोच हा लाव्हा. पुढे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, म्हणजे भूपट्ट, एकमेकांकडे सरकू लागले.

एरवी दोन भूपट्ट भिडले की समुद्राखालचा जड दगड जमिनीखाली जातो आणि पृथ्वीच्या पोटात नाहीसा होतो. म्हणून इतका जुना समुद्रतळ आपल्याला सहसा बघायला मिळत नाही. ओमानमध्ये उलटे झाले. अरबस्तानच्या जमिनीची कडाच समुद्रतळाखाली ढकलली गेली. पण जमिनीचा दगड हलका, तो फार खोल जाऊ शकला नाही. परिणामी समुद्रतळाचा एक प्रचंड तुकडा त्याच्यावर चढून बसला, तो कायमचाच. अशा जमिनीवर चढलेल्या समुद्रतळाला 'ओफिओलाइट' म्हणतात. ओमान आणि शेजारच्या अमिरातीत मिळून पसरलेला हा तुकडा ५०० किलोमीटरहून लांब आहे. जगातला सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वच्छ दिसणारा ओफिओलाइट हाच. मस्कतच्या मागे असलेल्या समाइल गावावरून त्याला समाइल ओफिओलाइट म्हणतात.

'स्वच्छ दिसणारा' हे महत्त्वाचे. झाडे नाहीत, माती नाही, म्हणूनच दगड असा उघडा दिसतो. ज्या उघडेपणाबद्दल अब्बा खंत करायचे, त्याच उघडेपणासाठी जगभरातले शास्त्रज्ञ इथे येतात.

इथे मला आपले कोकण आठवले. आपला काळा कातळही लाव्हाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ओमानच्या दगडापेक्षा तीन कोटी वर्षांनी लहान. शिवाय तो बहुतेक सगळा उघड्या जमिनीवर वाहिला. म्हणून तो थरांवर थर असा सपाट पसरला आणि सह्याद्रीला त्या पायऱ्या आल्या. एकाच जातीचा रस पाण्यात पडला तर उशा होतात, जमिनीवर पसरला तर पायऱ्या.

एका तासात पृथ्वीच्या पोटात

किनाऱ्याकडून बुरैमीकडे जाताना माणूस गाडीत बसून सरळ पुढे जात असतो, पण दगडांच्या हिशेबाने तो खाली खाली उतरत असतो. कारण हा सगळा तुकडा किनाऱ्याच्या बाजूला कललेला आहे. त्याचा माथा समुद्राकडे आणि तळ आतल्या बाजूला.

माथ्यावर उशांचा लाव्हा. त्याच्या फटींत आणि त्याच्यावर जागोजागी तपकिरी-लाल गाळाचा दगड. त्याच्या खाली उभ्या पट्ट्यांचा दगड लागतो, पत्त्यांची जुडी उभी धरावी तसा. ज्या भेगांतून रस वर चढला त्या भेगा भरून या पट्ट्या झाल्या. एका पट्टीला चिरून दुसरी, तिला चिरून तिसरी. त्याच्या खाली गॅब्रो नावाचा जाड रव्याचा काळा-पांढरा दगड. वर न येता खालीच सावकाश थंड झालेला तो रस. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून जो दगड आपण घेतो, तो पुष्कळदा याच कुळातला असतो.

आणि त्याच्याही खाली, बाहेरून गंजलेला तपकिरी पण फोडल्यावर गडद हिरवा असा दगड. हा पृथ्वीच्या कवचाचा नव्हेच. कवचाखालच्या प्रावरणाचा तो दगड. कवच आणि प्रावरण यांच्या सीमेचा शोध १९०९ मध्ये लागला, तो भूकंपाच्या लहरींवरून. समुद्राच्या तळाखाली ही सीमा साधारण सहा-सात किलोमीटर खोल असते आणि तिथपर्यंत अजून कोणाला भोक पाडता आलेले नाही. ओमानमध्ये मात्र काही ठिकाणी माणूस त्या सीमेवर पाय ठेवून उभा राहू शकतो.

या हिरव्या दगडाचा आणखी एक गुण आहे. हवेतला कर्बवायू पाण्याबरोबर त्यात मुरला की त्याचा पांढरा दगड होतो आणि फटींत शिरांसारखा साठतो. हे काम फार सावकाश चालते. ते वेगाने करून घेता येईल का, याचे प्रयोग ओमानमध्ये सुरू आहेत.

त्याच्याही पलीकडे गेलो तेव्हा डोंगराचा रंग बदलला. विटेसारख्या लाल, पातळ थरांचा दगड, आणि ते थर ओल्या कपड्यासारखे पिळलेले. हा पूर्ण गाळाचा दगड. समुद्रात रेडिओलेरिया नावाचे अतिसूक्ष्म जीव असतात. त्यांचे कवच काचेच्या द्रव्याचे असते. जीव मेले की कवचे तळाशी बसतात. खोल समुद्रात असा गाळ हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर साचतो. हाताच्या वितीएवढ्या थरात किती हजार वर्षे आहेत याचा हिशेब भाचा तोंडी करू लागला आणि अर्ध्यावरच गप्प झाला. या गाळाची सुरुवात उशांच्या लाव्हाच्याही कितीतरी आधी झाली होती. वरून तो प्रचंड तुकडा सरकत आला तेव्हा हा गाळ त्याच्याखाली चुरगळत गेला. त्या पिळलेल्या घड्या त्याचीच खूण.

लाल टेकडी

परतताना आम्ही अब्बांच्या जुन्या खाणीकडे वळलो. खाण कधीच बंद झाली आहे. आत जाता येत नाही. कुंपणाबाहेरून मोठा खड्डा, त्याच्या कडेने उतरणारा रस्ता आणि लालसर टेकडीचा उरलेला भाग दिसतो. त्या रस्त्यावरून अब्बांनी नऊ वर्षे रोज किती खेपा केल्या असतील!

लाल टेकडी पाहून मला एक जुनी गोष्ट आठवली. रजेवर असताना अब्बा एकदा म्हणाले होते, "आमचे साहेब सांगतात, लाल गंजलेली टेकडी दिसली की खाली तांबे असते." झाले! भाईजान आणि मी पहार घेऊन परसातला जांभा दोन दिवस खोदत बसलो. तांबे काही निघाले नाही, दादीची बोलणी मात्र खाल्ली. ती गोष्ट सांगितली तेव्हा आमचे सोबती मनापासून हसले, आणि मग त्यांनी दोन्ही लालींमधला फरक समजावून सांगितला.

आपला जांभा म्हणजे पावसाने धुऊन काढलेला कातळ. लाखो वर्षांच्या पावसाने दगडातले बाकीचे द्रव्य वाहून नेले आणि लोह मागे राहिले. इथल्या टेकडीची लाली वेगळी. समुद्रतळाच्या भेगांतून खारे पाणी आत झिरपते, खालच्या उष्णतेने तापते, आणि लाव्हातले तांबे, लोह, जस्त विरघळवून घेते. मग सुमारे साडेतीनशे अंश तापलेले हे पाणी काळ्या धुरासारखे तळातून उसळते. बाहेरच्या गार पाण्याला लागताच त्यातले धातू गंधकाशी जोडले जाऊन खाली बसतात. असे काळा धूर सोडणारे झरे माणसाने प्रशांत महासागराच्या तळाशी पहिल्यांदा पाहिले ते १९७९ मध्ये. सोहारचे तांबे हे अशाच साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या झऱ्यांचे साठे आहेत. पुढे ते उघड्यावर आल्यावर हवा-पाण्याने वरचा भाग गंजला, तीच लाल टेकडी. अब्बांच्या साहेबांचे म्हणणे अगदी बरोबर होते. चूक आमची, आम्ही भलत्या लालीखाली खोदत होतो.

या झऱ्यांभोवती आजही नळीत राहणारे किडे आढळतात. ना सूर्यप्रकाश, ना झाडपाला, तरी ते झऱ्याच्या आधाराने जगतात. सोहारमागच्या खनिजात अशाच किड्यांच्या नळ्यांचे अवशेष सापडले आणि १९८४ मध्ये ते जगापुढे आले. त्याच वर्षी अब्बा तिथे कामाला लागले होते. 'इथे काही नाही' असे ते सांगत होते तेव्हा त्यांच्या डंपरमध्ये कोणत्या जगाची माती भरलेली असायची!

तांब्याची ही ओळख फार जुनी आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या इराकमधल्या मातीच्या पाट्यांवर 'मगन' देशाच्या तांब्याची नोंद आहे, आणि मगन म्हणजे हाच मुलूख असे बहुतेक अभ्यासक मानतात. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकात या डोंगरांत पुन्हा जोरात भट्ट्या पेटल्या. दहाव्या शतकातला अरब भूगोलकार अल-मुकद्दसी सोहारच्या भरभराटीचे वर्णन करतो, ते याच सुमाराचे. त्या भट्ट्यांतून निघालेल्या काळ्या, काचेसारख्या मळीचे ढीग आजही पडलेले आहेत. आधुनिक खाणकाम सुरू झाले १९८३ मध्ये. म्हणजे अब्बा त्या कामाच्या अगदी सुरुवातीच्या मजुरांपैकी एक, आणि त्याच वेळी एका फार लांब रांगेतले.

भाच्याला कड्याचा एक तुकडा सोबत हवा होता. मी नको म्हटले. आमच्या घरात एक आहे, तेवढा पुरे.

फळीवरचा डाग

घरी आल्यावर मी पहिल्यांदा तो दगड हातात घेतला. आता तो चकाकत नाही. कडेने ठिसूळ झाला आहे, अंगावर पांढरी-पिवळी भुकटी येते, आणि ज्या फळीवर तो असतो तिथे तळव्याएवढा तांबूस डाग पडला आहे. अम्मीला वाटायचे, खाऱ्या हवेने होते. दर जुम्म्याला ती भुकटी पुसून घ्यायची.

आता मला कारण माहीत होते. तो दगड म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज, पायराइट. त्यात थोडे तांबेही असेल. दमट हवेत ते हळूहळू गंजते. ज्या क्रियेने सोहारची टेकडी लाल झाली, तीच क्रिया आमच्या कपाटात इतकी वर्षे चालली होती. फळीवर एक छोटीशी लाल टेकडीच तयार होत होती. भिंग घेऊन मी किड्यांच्या नळ्या दिसतात का तेही पाहिले. नाही दिसल्या.

हे सगळे मी अम्मीला दोन-तीन संध्याकाळी सांगितले. मोबाइलवर कडा दाखवला, लाल टेकडी दाखवली, खड्ड्यात उतरणारा रस्ता दाखवला. रस्त्याचा फोटो तिने बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "केवढे ऊन आहे. आणि मला कधी बोलले नाहीत." थोड्या वेळाने विचारले, "हा असाच राहिला तर संपेल का गं?"

मी म्हटले, "हो, भुकटी होऊन जाईल. कोरडा ठेवला तर टिकेल."

तिने लोणच्याची एक काचेची बरणी रिकामी केली, धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. औषधांच्या डब्यांतून येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या मी तळाशी टाकल्या. वर घट्ट झाकण लावले. मग अम्मी म्हणाली, "शाळेत ने. मुलांना दाखव. पण मे महिन्यात घरी आणायचा."

वाचकांना एकच विनंती. आपल्या घरात कोणी आखातातून परत आलेले असेल तर त्यांना विचारा, ते कोणत्या डोंगराजवळ होते, दगडाचा रंग कसा होता, खणताना काय निघायचे. 'तिथे काही नव्हते' असे ते म्हणतील. तिथेच थांबू नका, पुढे विचारा. आम्ही विचारायला उशीर केला.

बरणी सध्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात आहे. तिच्यावरची चिठ्ठी मी एका बाजूला उर्दूत आणि एका बाजूला मराठीत लिहिली आहे: 'समुद्राच्या तळाचा दगड. वय सुमारे साडेनऊ कोटी वर्षे. सोहार, ओमान. १९८६ मध्ये एका डंपरचालकाने आणला.' सहावीतल्या एका मुलाने परवा विचारले, "बाई, डंपरचालकाचे नाव का नाही लिहिले?" दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी काढून नवी लिहिली. आता तिच्यावर अब्बांचे नाव आहे.